चित्रातला डॉक्टर आणि दाराबाहेरचा रोगी

आरोग्यविषयक धोरणांची चर्चा आपल्याकडे आकड्यांपासून सुरू होते आणि आकड्यांपाशीच संपते. हजार माणसांमागे डॉक्टर किती, खाटा किती, अंदाजपत्रकात तरतूद किती. हे आकडे खोटे नसतात. पण धोरण लिहिले जात असताना त्या खोलीत कोण बसले होते, बाहेर कोण ताटकळत उभे होते आणि कोणाला दारापर्यंतही येऊ दिले नव्हते, याचा पत्ता ते लागू देत नाहीत. हा पत्ता काढणे हे समीक्षेचे काम आहे. धोरण हीदेखील एक संहिता असते. तिचा लेखक असतो, तिचा गृहीत धरलेला वाचक असतो आणि तिच्या ओळींमधून वगळलेली माणसे असतात. कवितेची आणि कादंबरीची अशी झडती घ्यायला आपण शिकलो. कायद्याच्या कलमाची झडती घेण्याचे मात्र आपण वकिलांवर सोडून दिले आहे.

'लॉबी' हा शब्द मराठीत रुळला तो साखरेच्या आणि जमिनीच्या व्यवहारातून. मूळ अर्थाने ती विधिमंडळाच्या सभागृहाबाहेरची ओसरी. सभासदाला तिथे गाठायचे, कानाशी लागायचे, आपले काम त्याच्या गळी उतरवायचे. आपल्या लोकांना 'वशिला' हा शब्द अधिक ओळखीचा आहे, पण दोहोंत फरक आहे आणि तो मोठा आहे. वशिला एका माणसाचे काम करून देतो. लॉबी नियमच असा लिहून घेते की तिच्या माणसांना पुढे वशिल्याची गरजच पडू नये. समोरच्या बाजूला असतात ते कैवारी: रोग्यांच्या, म्हाताऱ्यांच्या, वगळलेल्यांच्या बाजूने बोलणारे. लॉबीकडे पैसा आणि कैवाऱ्यांकडे सत्य, अशी सोपी मांडणी व्याख्यानात टाळ्या मिळवते. प्रत्यक्षात ती पुरी पडत नाही, कारण लॉबीसुद्धा स्वतःला रोग्याचा कैवारीच म्हणवून घेते. तिची खरी कमाई हीच, की रोग्याच्या नावाने बोलण्याचा हक्क तिने आधीच बळकावलेला असतो.

हे कसे घडते ते पाहण्यासाठी मी अमेरिकेतील उदाहरण घेतो आहे. एक तर तिथे ही लढाई उघड्यावर झाली आणि तिची कागदपत्रे उपलब्ध आहेत. दुसरे कारण आपल्या अधिक जवळचे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने आपले नाव अमेरिकेतील काळ्यांच्या संघटनेवरून घेतले. त्यांच्या कविता आणि त्यांची आत्मकथने आपण वाचली, त्यांवर चर्चासत्रे भरवली. त्यांचे डॉक्टर, दंतवैद्य आणि इस्पितळातल्या झाडूवाल्या बाया यांनी एका धोरणाला कसे वळण दिले, हे मात्र आपल्या वाचनात फारसे आले नाही. काळ्यांचे दुःख आपण आयात केले, त्यांची हिकमत तिकडेच राहिली.

सुरुवात एका चित्रापासून करू. ल्यूक फिल्ड्स या इंग्रज चित्रकाराने १८९१ साली 'द डॉक्टर' हे चित्र प्रदर्शनात मांडले. गरिबाची झोपडी आहे. दोन बेमेळ खुर्च्या जोडून त्यांवर आजारी मूल निजवले आहे. दिव्याच्या उजेडात डॉक्टर हनुवटीला हात लावून मुलाकडे एकटक बघतो आहे. मागे अंधारात बाप उभा आहे आणि आईने टेबलावर डोके टाकले आहे. फिल्ड्सचे स्वतःचे मूल लहानपणीच दगावले होते आणि त्या वेळच्या डॉक्टरची आस्था त्याच्या मनात राहिली होती, असे सांगतात. चित्राचा प्रामाणिकपणा नाकारण्याचे कारण नाही. पण चित्र चित्रकाराच्या हातून सुटले की कोणाच्या हाती पडते, हे समीक्षकाने पाहिले पाहिजे. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संस्थेला १९४७ साली शंभर वर्षे झाली तेव्हा तिथल्या टपाल खात्याने याच चित्राचे तिकीट काढले. आणि दोनच वर्षांनी, १९४९ साली, त्या संस्थेने ते भित्तिपत्रकावर छापून देशभरच्या दवाखान्यांत लावले. खाली मजकूर असा, की या चित्रात राजकारणाला शिरू देऊ नका.

राजकारण म्हणजे काय होते? अध्यक्ष ट्रूमन यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याची योजना काँग्रेसपुढे मांडली होती. पगारातून वर्गणी कापायची, त्या निधीतून सर्वांच्या औषधोपचाराचा खर्च भागवायचा. डॉक्टर सरकारी नोकर होणार नव्हते, रोग्याने डॉक्टर निवडण्यावर बंदी येणार नव्हती. म्हणजे चित्रातल्या मुलाच्या बापाला डॉक्टरच्या फीची काळजी पडू नये, एवढीच ती योजना. तीच हाणून पाडण्यासाठी त्याच मुलाचे चित्र वापरले गेले. आणखी एक विसंगती अशी की, ज्या इंग्लंडात हे चित्र रंगवले गेले तिथे ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली होती. तसल्या झोपडीतल्या पोराला तिथे आता डॉक्टर फुकट मिळत होता. अटलांटिकच्या अलीकडे राजकारणाने चित्रात शिरून मुलाला औषध दिले, आणि पलीकडे त्याच चित्राचा पहारा बसवून औषध अडवले.

फिल्ड्सचे आणखी एक चित्र आहे, १८७४ चे. लंडनच्या थंडीत बेघर माणसांची रांग रात्रीच्या आसऱ्याची चिठ्ठी मिळावी म्हणून भिंतीला लागून उभी आहे. तान्ही पोरे कडेवर, चेहरे सुकलेले. असोसिएशनने ते चित्र निवडले नाही. निवडणार कशी? पहिल्या चित्रात एक डॉक्टर आणि एक रोगी आहे, दया आहे, कृतज्ञता आहे. दुसऱ्या चित्रात रांग आहे, बंद दार आहे. दयेला व्यक्ती लागते आणि हक्काला रांग लागते. लॉबीला नेहमी पहिले चित्र हवे असते.

आपल्या वाचकाला तिसरे चित्र आठवल्याशिवाय राहणार नाही. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत १९२९ साली 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झाली आणि बाबासाहेबांनी ती 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत घेतली. शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी होती. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. बाई आणि मूल वस्तीबाहेर आणले तरच तपासीन, ही त्याची अट. थर्मामीटर त्याने मुसलमानाच्या हाती दिले, मुसलमानाने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. परत त्याच वाटेने. बाई पुढे मरण पावली. इथेही डॉक्टर आहे, रोगी आहे, असहाय नवरा आहे. फिल्ड्सच्या चित्रातली सगळी पात्रे हजर आहेत, फक्त डॉक्टर झोपडीबाहेर उभा आहे. डॉक्टर आणि रोगी यांच्यातले नाते पवित्र आहे, त्यात कोणी मध्ये येऊ नये, असे जे सांगतात त्यांनी या थर्मामीटरचा प्रवास डोळ्यांपुढे आणावा. त्या नात्यात समाज आधीच येऊन बसलेला असतो. बाहेर राहिलेले असते ते सरकार आणि कायदा.

अमेरिकेतही तो बसलेला होता. असोसिएशनचे सभासद व्हायचे तर आधी जिल्ह्याच्या वैद्यक मंडळाचे सभासद व्हावे लागे. दक्षिणेतली जिल्हा मंडळे काळ्या डॉक्टरांना घेत नसत. राष्ट्रीय संस्था म्हणे, आमच्या घटनेत रंगाचा उल्लेख नाही, जिल्हा मंडळे स्वायत्त आहेत, आम्ही काय करणार? ही भाषा आपल्याला ओळखीची आहे. गावची विहीर गावाची, सरकार त्यात काय करणार, हेच आपल्याला वर्षानुवर्षे ऐकवले गेले. मंडळाचे सभासदत्व नाही म्हणून इस्पितळात रोगी दाखल करण्याचा अधिकार नाही. अधिकार नाही म्हणून काळ्या डॉक्टरचा रोगी ऐन शस्त्रक्रियेच्या वेळी त्याच्या हातून जाई, आणि दक्षिणेत तर पुष्कळदा त्याला खाटच मिळत नसे. या बहिष्काराला उत्तर म्हणून काळ्या डॉक्टरांनी १८९५ साली अटलांटा येथे नॅशनल मेडिकल असोसिएशन ही आपली वेगळी संस्था काढली. मूळ संस्थेने या सगळ्याबद्दल जाहीर माफी मागितली ती २००८ साली.

सरकारही यात निरपराध नव्हते. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने इस्पितळे बांधण्यासाठी केंद्राचा पैसा राज्यांना मिळू लागला. त्यात भेदभाव न करण्याचे कलम होते आणि त्याच कलमात पळवाटही होती. काळ्यांसाठी वेगळी पण समान सोय असेल तर इस्पितळ गोऱ्यांपुरते ठेवायला हरकत नव्हती. हे कलम दक्षिणेच्या सिनेटरांच्या हिशेबाने लिहिलेले होते. कराचा पैसा सगळ्यांचा आणि खाट गोऱ्याची.

आता लॉबीच्या कारागिरीकडे वळू. डिसेंबर १९४८ मध्ये असोसिएशनने प्रत्येक सभासदावर २५ डॉलरची पट्टी बसवली आणि व्हिटेकर व बॅक्स्टर या कॅलिफोर्नियातील नवरा-बायकोच्या प्रचार कंपनीला काम दिले. याच जोडप्याने १९४५ साली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरची आरोग्य विमा योजना पाडली होती. १९४९ या एका वर्षात पंधरा लाख डॉलरच्या आसपास खर्च झाला. विम्याला 'समाजवादी वैद्यकी' हे नाव चिकटवले गेले. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत एवढे पुरेसे होते. ट्रूमनची योजना मेली.

पण यापेक्षा शिकण्यासारखा प्रयोग १९६१ चा आहे. फक्त पासष्टीवरच्या माणसांच्या इस्पितळाचा खर्च सरकारी विम्यातून द्यावा, असे विधेयक आता पुढे आले होते. म्हाताऱ्यांविरुद्ध उघड बोलणे कठीण. तेव्हा डॉक्टरांच्या बायकांच्या मंडळाने घरोघर कॉफीला शेजारणी बोलवायच्या, त्यांना एक ध्वनिमुद्रिका ऐकवायची आणि मग सगळ्यांनी आपापल्या काँग्रेस सभासदाला पत्रे लिहायची, असा बेत आखला गेला. पत्रे स्वतःच्या शब्दांत असावीत, म्हणजे ती उत्स्फूर्त वाटतील, ही खबरदारी घेतली होती. मुद्रिकेवरचा आवाज रोनाल्ड रेगन या सिनेनटाचा होता, जो पुढे १९८१ साली राष्ट्राध्यक्ष झाला. त्या आवाजाने गृहिणींना बजावले की हा विमा आला तर हळूहळू सगळेच स्वातंत्र्य जाईल. या मोहिमेचे नावच 'ऑपरेशन कॉफी कप'. लॉबी म्हटली की आपल्याला पेटीतून पैसे नेणारा दलाल दिसतो. इथे दलाल नाही. इथे हळदीकुंकवासारखा घरगुती समारंभ आहे, आणि त्यातून 'जनमत' तयार होते आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी हा प्रकार बारकाईने पाहावा. प्रस्थापितांचे मत हे 'जनमत' आणि शोषितांचे मत हा 'मोर्चा' किंवा 'दबाव', ही विभागणी अशीच तयार होते.

विरुद्ध बाजूही हात बांधून बसली नव्हती. कामगार संघटनांच्या पाठबळावर १९६१ सालीच म्हाताऱ्यांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. २० मे १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारो म्हाताऱ्यांपुढे अध्यक्ष केनेडी बोलले आणि ते भाषण दूरचित्रवाणीवरून देशभर गेले. असोसिएशनने तीच जागा भाड्याने घेतली आणि डॉ. अ‍ॅनिस यांनी रिकाम्या खुर्च्यांपुढे उत्तर दिले. त्या रिकाम्या सभागृहाने म्हणे मोठा परिणाम साधला. एकटा डॉक्टर बलाढ्य सरकारशी लढतो आहे असे दिसले. पुन्हा तेच फिल्ड्सचे चित्र: दिव्याच्या उजेडातला एकटा डॉक्टर.

या कथेचा नेहमीचा इतिहास इथून थेट अध्यक्ष जॉन्सनकडे जातो. १९६४ च्या निवडणुकीतले त्यांचे प्रचंड बहुमत, वित्त समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांची चतुराई, आणि ३० जुलै १९६५ रोजी मिसुरी राज्यातील इंडिपेंडन्स गावी, वृद्ध ट्रूमनच्या साक्षीने झालेली सही. 'मेडिकेअर'चे पहिले कार्ड ट्रूमनला. गोष्ट गोड आहे. या गोष्टीत काळे डॉक्टर तोंडी लावण्यापुरतेच येतात, म्हणून ती मला अपुरी वाटते.

मॉन्टेग्यू कॉब हे हॉवर्ड विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवत आणि काळ्या डॉक्टरांच्या नियतकालिकाचे संपादक होते. म्हणजे वर्गात हाडे मोजायची आणि रात्री अग्रलेख लिहायचा. (संपादक-प्राध्यापक ही जात आपल्याकडेही आहे; तिच्या कष्टाची कल्पना वाचकांना असेल.) १९४६ सालीच त्यांनी सिनेट समितीपुढे राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या बाजूने साक्ष दिली होती. १९५७ पासून त्यांनी इस्पितळांतील वर्णभेद संपवण्यासाठी दर वर्षी परिषद भरवली. तिला प्राचीन इजिप्तमधील वैद्य इम्होटेप याचे नाव दिले. त्या नावाचा अर्थ 'शांततेने येणारा'. गोऱ्या डॉक्टरांच्या आणि इस्पितळांच्या संघटनांना आदराने निमंत्रणे गेली. शांततेने येणाऱ्याला प्रतिसाद काय मिळाला? थोर संस्थांनी एखादा निरीक्षक पाठवला, किंवा तेही केले नाही. सात वर्षे परिषद भरली आणि १९६३ नंतर थांबली. विनंतीचा मार्ग किती लांब जातो ते या सात वर्षांनी मोजून दिले. त्याच १९६३ च्या जून महिन्यात अटलांटिक सिटीत असोसिएशनच्या अधिवेशनाबाहेर काळे आणि काही गोरे डॉक्टर फलक घेऊन उभे राहिले. डॉक्टरांनी डॉक्टरांच्या दारात निदर्शने केली.

निर्णायक घाव मात्र एका दंतवैद्याने घातला. नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो हे गाव. काळ्या विद्यार्थ्यांनी १९६० साली उपाहारगृहाच्या बाकावर ठिय्या दिला तेच. डॉ. जॉर्ज सिमकिन्स यांच्या एका रोग्याच्या दाढेला पू झाला होता, अंगात ताप होता. काळ्यांच्या इस्पितळात खाट नव्हती, आणि मोझेस कोन हे सुसज्ज इस्पितळ त्याला घेईना. सिमकिन्स यांनी दया मागितली नाही, त्यांनी हिशेब मागितला. या इस्पितळाच्या बांधकामात हिल-बर्टन कायद्याचा सरकारी पैसा आहे का? होता. फेब्रुवारी १९६२ मध्ये त्यांनी आणि इतर डॉक्टर, दंतवैद्य व रोग्यांनी मिळून दावा लावला. खालच्या न्यायालयात हरले. १ नोव्हेंबर १९६३ रोजी अपील न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला: इस्पितळ खासगी म्हणवले तरी सरकारी पैसा आणि सरकारी योजना यांत ते गुंतलेले आहे, म्हणून ते भेदभाव करू शकत नाही, आणि 'वेगळे पण समान' हे कलम घटनाबाह्य आहे. मार्च १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. चारच महिन्यांनी नागरी हक्क कायदा झाला आणि त्याच्या सहाव्या प्रकरणाने हे तत्त्व देशभर लागू केले. केंद्राचा पैसा घ्याल तिथे वंशभेद चालणार नाही.

म्हणून १९६५ च्या मेडिकेअरला काळ्या डॉक्टरांच्या संस्थेने जो पाठिंबा दिला तो नुसता म्हाताऱ्यांच्या कणवेपोटी नव्हता. विम्याचा पैसा जवळजवळ प्रत्येक इस्पितळात जाणार होता, आणि जिथे पैसा जाईल तिथे अट जाणार होती. गोऱ्यांची असोसिएशन विम्याला 'स्वातंत्र्यावर घाला' म्हणत होती ते एका अर्थाने खरेच होते. दार बंद ठेवण्याच्या स्वातंत्र्यावर तो घाला होता.

कायदा आणि दार यांच्यात जे अंतर असते ते १९६६ च्या वसंतात कापले गेले. १ जुलैपासून पैसे सुरू व्हायचे होते. त्याआधी सात हजारांच्या आसपास इस्पितळांची तपासणी करायची होती. सार्वजनिक आरोग्य खात्याने आपल्या इतर कामांवरची सुमारे हजार माणसे या कामाला लावली. इस्पितळे हुशार होती. तपासणीच्या दिवशी काळे रोगी गोऱ्यांच्या खोलीत हलवायचे आणि निरीक्षक गेले की परत न्यायचे, असले नाटकही झाले. ते पकडले कसे गेले? आतल्या माणसांमुळे. स्वयंपाकघरातल्या, धुलाईघरातल्या, झाडझूड करणाऱ्या काळ्या बाया आणि परिचारिका संध्याकाळी निरीक्षकांना किंवा गावातल्या नागरी हक्क कार्यकर्त्यांना गाठून खरे काय ते सांगत. नोकरी जाण्याची भीती होती, काही गावांत जिवाचीही. धोरणाच्या इतिहासात या बायांना कोणी 'कैवारी' म्हटलेले नाही. त्यांच्याकडे लेटरहेड नव्हते. पण या सबंध लढाईत सर्वात अचूक साक्ष त्यांची आहे. जुलै उजाडेपर्यंत नव्वद टक्क्यांहून अधिक इस्पितळे निदान कागदोपत्री तरी अटीत बसली होती. शतकभराची व्यवस्था काही महिन्यांत हलली, कारण या वेळी अटीमागे पैसा होता आणि पैशापुढे निरीक्षक.

इथे थांबलो तर आपणही गोड गोष्टच सांगू. हरलेल्या लॉबीने कायद्यात काय काय लिहून घेतले ते पाहिले पाहिजे. मेडिकेअरच्या अगदी पहिल्याच कलमात वचन आहे की सरकार वैद्यकीय व्यवसायावर देखरेख करणार नाही. डॉक्टरांना त्यांच्या रूढ फीच्या हिशेबाने पैसे मिळतील अशी व्यवस्था झाली. ज्यांनी विमा नको म्हणून आकांत केला त्यांचेच उत्पन्न विम्याने वाढले. आणि सर्वात चलाख गोष्ट म्हणजे, योजनेचे दोन भाग झाले. इस्पितळांचा पैसा 'अ' भागात, डॉक्टरांच्या फीचा 'ब' भागात. 'ब' भागातला पैसा हे सरकारी साहाय्यच नव्हे, असा अर्थ सरकारने लावला, त्यामुळे खासगी डॉक्टरला सहावे प्रकरण लागूच झाले नाही. इस्पितळाचे दार उघडले, डॉक्टरच्या खोलीचे दार त्याच्या मर्जीवर राहिले. सरकारने आपला हा अर्थ बदलला तो मे २०२४ मध्ये, म्हणजे जवळपास साठ वर्षांनी. गरिबांसाठीची दुसरी योजना, मेडिकेड, राज्यांच्या हाती दिली गेली. आणि काळ्या गरिबाच्या बाबतीत दक्षिणेतल्या राज्याचा हात किती सैल असतो हे सांगायला नको.

विजयाची एक किंमत जिंकणाऱ्यांनीही मोजली. गोरी इस्पितळे उघडली तशी काळ्यांची इस्पितळे ओस पडत गेली. सेंट लुईसचे होमर फिलिप्स इस्पितळ, जिथे काळ्या डॉक्टरांच्या पिढ्या घडल्या, १९७९ साली लोकांच्या विरोधाला न जुमानता बंद झाले. वेगळेपण लादलेले होते तरी त्यात उभी केलेली संस्था आपली होती. समतेच्या नावाखाली ती मोडू द्यायची की नाही, हा प्रश्न आपल्या वसतिगृहांनी आणि शिक्षणसंस्थांनीही विचारात घ्यावा असा आहे. त्याचे सोपे उत्तर माझ्याकडे नाही.

कैवाऱ्यांचाही एक धोका असतो, तो दुसऱ्याच्या तोंडचा शब्द हिरावण्याचा. ब्लॅक पँथरांनी मोफत दवाखाने चालवले आणि १९७१ पासून सिकलसेल या काळ्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या, सरकारने दुर्लक्षिलेल्या रक्तरोगाची तपासणी वस्त्यांतून सुरू केली. निक्सन यांच्या सरकारने तो मुद्दा उचलला. मे १९७२ मध्ये सिकलसेल नियंत्रणाचा कायदा झाला. मागणी मान्य झाली म्हणावे, तर दुसरीकडे अनेक राज्यांनी तपासणी सक्तीची केली. नुसते वाहक असलेल्या, म्हणजे प्रत्यक्षात आजारी नसलेल्या माणसांना नोकरीत आणि विम्यात अडवले जाऊ लागले. लोकांनी मागितले होते औषध आणि संशोधन, मिळाला शिक्का. कार्यक्रम वस्तीच्या हातातून सुटून खात्याच्या हाती गेला की असे होते.

सिकलसेल आपल्यालाही परका नाही. विदर्भात आदिवासींबरोबर पूर्वाश्रमीच्या महार, आताच्या बौद्ध समाजातही तो घरोघर माहीत आहे. आणि सरकारी पैसा, अट आणि पळवाट यांची गोष्टही परकी नाही. महाराष्ट्रात धर्मादाय इस्पितळांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केली. धर्मादाय म्हणून मिळणाऱ्या सवलतींच्या बदल्यात ही अट. तत्त्व सिमकिन्स यांच्या दाव्यातलेच. आपल्याकडे कमतरता आहे ती १९६६ च्या हजार निरीक्षकांची, आणि संध्याकाळी त्यांना गाठणाऱ्या आतल्या बायांचे म्हणणे नोंदवून घेणाऱ्याची. राजस्थानात तर हे तत्त्वच उलटे फिरवले गेले. मार्च २०२३ मध्ये तिथे आरोग्य हक्काचा कायदा मंजूर झाला, खासगी डॉक्टरांनी दवाखाने बंद ठेवले, आणि एप्रिलच्या सुरुवातीला तडजोड झाली की सरकारकडून जमीन वा इतर सवलत न घेतलेली खासगी इस्पितळे यातून वगळावीत. ग्रीन्सबरोत सरकारी पैशाचा हिशेब रोग्याच्या हातची तलवार होता. जयपुरात तो इस्पितळाच्या हातची ढाल झाला. सिमकिन्स यांच्या दाव्याची मर्यादा अशी उघडी पडते. हक्क पैशाला बांधला की पैसा न घेणारा मोकळा सुटतो. कायदा माणसाच्या हक्कावर उभा करायचा की सवलतीच्या हिशेबावर, हा वाद आपल्या आरोग्य चळवळीने अजून पुरता लढलेला नाही.

आणि सिकलसेल. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्याचा रोख आदिवासी भागांवर आहे. नागपूरच्या बौद्ध वस्तीतले पोर त्या रोखात कुठे बसते ते त्याच्या आईबापांनी शोधायचे. त्याआधी २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने हा रोग अपंगत्वाच्या परिशिष्टात घेतला. जुन्या कायद्यात सात प्रकार होते, नव्यात एकवीस झाले. रोगी, त्यांचे पालक आणि त्यांच्यासाठी झटणारे डॉक्टर यांनी वर्षानुवर्षे घातलेल्या खेपांचा त्यात वाटा आहे. पण त्याच कायद्याचे चौतिसावे कलम वाचावे. सरकारी नोकरीत चार टक्के जागा राखीव आहेत. त्या कोणाला, याची यादी दिली आहे: अंध व अल्पदृष्टी, बहिरे, हालचालीचे अपंगत्व असलेले, त्यांत कुष्ठमुक्त आणि आम्लहल्ल्याचे बळी, नंतर स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार. यादीत रक्ताचे रोग नाहीत. सिकलसेलच्या मुलाचे अपंगत्व प्रमाण चाळीस टक्के ठरले तर त्याला महाविद्यालयात राखीव जागा मिळते, कारण बत्तिसाव्या कलमात यादी घातलेली नाही. पदवी घेऊन तो बाहेर पडला की चौतिसाव्या कलमाशी येऊन अडतो. परिशिष्टातून कलमात येताना हा रोग कोणी गाळला, कोणत्या बैठकीत, आणि तेव्हा त्या खोलीत सिकलसेलचा एकतरी रोगी बसलेला होता का, हे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीच्या आपल्या विद्यार्थ्यांनी माहितीच्या अधिकारात विचारून घ्यावे. अर्जाला दहा रुपये लागतात.